पिवरीबाई

पिवरीबाई वाचायला लागल्या की त्यांची अख्खी मच्छरदाणी आतून पिवळी व्हायची. मोबाईलचा उजेड त्या इतका पिवळा करून ठेवायच्या की शेजारच्या खाटेवरून मला वाटायचं, ही बाई पुस्तक वाचतेय की हळदीला बसलीय! त्यांचं खरं नाव वेगळं, पण मुलींनी हेच पाडलं. इकडच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून पिवरी.

कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या मुलींच्या निवासी शाळेत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी मराठी शिकवायचे, त्या गणित. गावात नेटवर्कचा पत्ता नाही. पिवरीबाई दर शनिवारी कुरखेड्याला बाजाराला जायच्या, मी सांगितलेली भाजी हमखास विसरायच्या आणि मोबाईलमध्ये चार-पाच पुस्तकं उतरवून आणायच्या. “वांगे काऊन नाई आणले?” म्हटलं, की उत्तर तयार. “वांगे सडतेत बाई, पुस्तक नाई सडत.”

मीही मोबाईलवर वाचायचे, पण पांढऱ्या-निळ्या लख्ख उजेडात. त्या म्हणायच्या, “बाई, हा उजेड तुमच्या डोक्यात दिवस उगवून राह्यला. झोप कशी येईन? पिवरा करा, मी करून देते.” मी म्हणायचे, मला अक्षरं स्वच्छ लागतात. स्वच्छ कसली! डोळे भगभगायचे, दोन-दोन वाजेपर्यंत मी टक्क जागी, आणि ह्या सात-आठ पानांत घोरायला लागायच्या. सकाळी प्रार्थनेला त्या टवटवीत आणि मी जांभया देत उभी. पण ह्यांचं बघून आपण उजेड बदलायचा? छे! मेले तरी बदलणार नव्हते.

जळायचे मी त्यांच्यावर. सरळच सांगते. आणि ते काही झोपेसाठी नव्हे. त्या येण्याआधी संध्याकाळी जेवणं झाली की मुली माझ्याभोवती जमायच्या, गोष्ट सांगा म्हणून पदर ओढायच्या. तीन वर्षं तो माझा मान होता. ह्या आल्या आणि रात्री वाचलेलं दुसऱ्या दिवशी मुलींना सांगू लागल्या. सांगणं तरी धड होतं का? ऐन रंगात आलं की थांबायच्या आणि म्हणायच्या, “पुढचं मीबी वाचलं नाई अजून. उद्या पाहू.” झालं! दुसऱ्या दिवशी मुली ताटं धुवायच्या आधीच त्यांच्यापाशी पळायच्या. महिनाभरात माझ्याजवळ एकच पोरगी उरली, तीही पेंगणारी. मराठीची बाई मी, आणि गोष्टी सांगणार गणिताची!

एका संध्याकाळी लाईन गेली. स्वयंपाकीण सोमीबाई आमच्या खिडकीपाशी आली, तर आत मच्छरदाणीत पिवरीबाई. तोंड पिवळं, हात पिवळे, हसल्या तर दातही पिवळे. सकाळी सोमीबाईनं थेट मुख्याध्यापिकांना गाठलं. “पिवरीबाईले कावीर झाली. मी आपल्या डोऱ्यानं पाह्यलं.”

पिवरीबाई खो-खो हसल्या. मोबाईलचा उजेड आहे म्हणाल्या, काढून दाखवलाही. पण दिवसाउजेडी तो पिवळेपणा काय दिसणार! शेवटी मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, “तुम्ही एका खोलीत राहता. खरं काय ते सांगा.” पिवरीबाई माझ्याकडे बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. मी वह्यांचा गठ्ठा ओढला आणि म्हटलं, “मला काय कळतं त्यातलं?”

मग काय, त्यांचं तेल-तिखट बंद झालं. शेजारच्या गावचा कावीळ उतरवणारा वैदू आला. त्यानं कसला तरी पाला चोळून, चुन्याच्या पाण्यानं त्यांचे हात धुतले आणि पाणी पिवळं झालं. ते कुणाचेही हात धुतले तरी होतं, पण सांगणार कोण? मुलींना त्यांच्याजवळ जायची बंदी झाली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. खरी कावीळ मला झाली होती, आणि माझी कुणाला दिसली नाही.

मुली माझ्याकडे परत आल्या. तीन संध्याकाळी मी जीव तोडून गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी एकीनं विचारलं, “बाई, पिवरीबाईच्या गोष्टीतली ते पोरगी नदी पार झाली का? तुमाले मालूम आहे का?” मला माहीत नव्हतं. रात्री त्या शेजारच्याच खाटेवर असायच्या, पण त्यांना विचारायची हिंमत नव्हती.

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, एकदम साफ. तोवर मुलींच्या आया घाबरल्या होत्या, आणि पिवरीबाईंनी स्वतःच बदली मागून घेतली होती. एका शब्दानं त्या मला टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं!

निघायच्या दिवशी पिशव्या दारात ठेवून त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. पडदा पिवळाधमक.

“आता झोप येईन तुमाले,” त्या म्हणाल्या. “अन् कोणी कावीर म्हटलं तं मले निरोप धाडजा, बाई. मी येऊन सांगीन का उजेड आहे म्हणून.”