दैत्यराज दिवाणजींची पोथी

सरकारनं बंदी घातलेलं पुस्तक मी आयुष्यात एकदाच वाचलं, आणि बंदी अगदी योग्य होती असं माझं प्रामाणिक मत आहे.

तेव्हा निजामी होती आणि मी पूर्णा स्टेशनात पार्सलबाबू होतो. माझा मेहुणा मनमाडकडून येताना नाक्यावरची झडती चुकवून 'सिंहासनाखालचा सुरुंग' ही कादंबरी घेऊन आला. दिवाणजी राजाविरुद्ध भयंकर कट करतो म्हणे! मी इतका हरखलो की, "कुणाला सांगू नका," असं निम्म्या फलाटाला सांगून मोकळा झालो. (गुपित राखायची माझी पद्धत तीच आहे.) कादंबरी मात्र निम्मी झाली तरी दिवाणजी नुसता चहा पीत होता.

श्रावणातल्या एका दुपारी मेहुणा धापा टाकत आला.

"दाजी, ठाण्याचे जमादार झडतीला यायलेत! पुस्तक घावलं तर नोकरी गेली अन् तुमी आत!"

मी पुस्तक काखेत मारून घरभर फिरू लागलो. आई मात्र शांतपणे उठली. तिनं देवघरातली पोथी वरच्या फळीवर ठेवली आणि पोथीच्या लाल फडक्यात कादंबरी बांधून चौरंगावर मांडली.

"पोथीला कोन हात लावतंय?"

तिच्या हुशारीत एकच खोट होती. श्रावणात आमच्याकडे रोज दुपारी पोथी असायची. वाचणारा मी, आणि ऐकायला गल्लीतल्या बाया! त्या वाती वळत येऊन बसल्या. पाठोपाठ जमादारही आले!

चौरंग पाहून त्यांनी बूट काढले. "पोथी हाय व्हय? चालू द्या. अध्याय झाला की झडती घेऊ." आणि भिंतीला टेकून बसले.

मी फडकं सोडलं. आता अध्याय पुरा केल्याशिवाय उठायची सोय नव्हती, आणि त्या कादंबरीतला एकेक अध्याय म्हणजे संपता संपायचा नाही! मी दिवाणजींचा दैत्यराज केला, पिस्तुलाचं ब्रह्मास्त्र केलं, चहाचं अमृत केलं. घामानं सदरा भिजला.

"...आणि दैत्यराजानं पुन्हा अमृत प्राशन केलं."

"किती पितंय मेलं!" शेजारच्या गंगाकाकू म्हणाल्या. "युद्ध कदी करतंय?"

"करंल, करंल," आईनं दटावलं. "गप ऐक."

अध्याय कसाबसा संपला. बायांनी हात जोडले, तेवढ्यात घोरणं ऐकू आलं. जमादार! आईनं हातावर प्रसाद ठेवला तेव्हा कुठं ते जागे झाले. झडतीचं नावही न काढता त्यांनी बूट चढवले आणि मला दारात बोलावलं.

"बाबू, जप्तीतलं ह्येच पुस्तक मी वाचलंय. अमृताच्या दुसऱ्या घोटालाच वळखलं!"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो.

"भिऊ नका. ह्ये ऐकून कोन बंड करतंय? माणूस आडवा व्हतोय! झडतीत काई घावलं न्हाई, असा रिपोर्ट देतो. अन् पुढं वाचायचे कष्ट घेऊ नका. दिवाणजी बेकसूर हाय. राजाचा मेहुणाच चोर निघतोय!"

नोकरी वाचली म्हणून मी देवाला नारळ फोडला, पण शेवट फुटला म्हणून चार दिवस जेवण गोड लागलं नाही. मेहुण्याकडे तर मी अजून संशयानंच बघतो.

पुढे निजामी गेली. जो तो आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगू लागला. मीही छाती काढून सांगतो, "जमादाराला पुढ्यात बसवून बंदीचं पुस्तक खड्या आवाजात वाचलंय मी!" त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जमादार घोरत होते, एवढं मात्र सांगायचं दरवेळी राहून जातं.