अण्णांचे दोन शब्द

“दोन मिनिटं. त्याच्या वर एक शब्द नको,” आमचे तालुका आरोग्य अधिकारी म्हणाले. प्रश्न होता दूध संघाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे अण्णांच्या भाषणाचा.

पोलिओ मोहिमेचा मायक्रोप्लॅन माझ्याकडे होता. कुठल्या गावाला किती डोस, किती माणसं, किती गाड्या, किती खर्च, याचं ते गणित. रविवारचं गणित छान बसलं होतं. पण दुष्काळामुळे गावात हाताला काम नव्हतं, म्हणून नांदूरघाटच्या ऊसतोड टोळ्यांनी शुक्रवारीच निघायचं ठरवलं. पोरंबाळं सोबत. ती एकदा उसाच्या फडांत पांगली की कुणाला डोस मिळाला आणि कुणाला नाही, देव जाणे. म्हणून ती निघण्याआधीच डोस द्यायचे ठरले.

डोस होते, माणसं होती, बर्फ नव्हता. लस थंड ठेवायला आईसपॅक लागतात, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या बाटल्या. आमचा फ्रीजर लोडशेडिंगनं अर्धमेला. दूध संघाचा मोठा फ्रीजर मात्र जनरेटरवर चालायचा आणि दूध आटल्यामुळे रिकामाच होता. अण्णांनी तो फुकट दिला. अट एकच: पहिला डोस त्यांच्या हातून, आणि त्याआधी दोन शब्द.

शुक्रवारी सकाळी नांदूरघाटच्या मैदानात ट्रक लागले. बायामाणसं, भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं वर चढलेलं. अण्णा बोलायला उभे राहिले आणि संघातून बर्फ घेऊन लस आणणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरचा फोन आला.

“सायेब, वाटंतल्या गावात म्होरं पाण्याचा टँकर आलाय. अख्खा गाव हंडे घेऊन रस्त्यावर हाय. जीप हालंना.”

“हॉर्न वाजव.”

“वाजिवला. एका मावशीनं हंडाच उगारला.”

टोळी कारखान्यावर नेणारा मुकादम शेजारीच उभा होता.

“सायेब, उद्या हजेरी हाय. अण्णा बसले की आमी निघालो.”

म्हणजे अण्णा उभे असेपर्यंत ट्रक सुरू करायची त्याची छाती नव्हती! माझी ट्यूब पेटली. मी अण्णांच्या कानाशी लागलो.

“अण्णा, बर्फ अडकलाय. बोलत राहा.”

हे वाक्य ऐकायला अण्णा जन्मभर थांबले असावेत. दुधाचा दर झाला, चारा छावणी झाली, संघाची स्थापना झाली, पहिल्या म्हशीचं नावसुद्धा झालं. आमचे अधिकारी साहेब माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. कारण कळताच तेच टाळ्या वाजवू लागले.

ट्रकमधून एका बाईनं विचारलं. मांडीवर तान्ही मुलगी होती. “सायेब, अण्णा कवा थांबायचे ओ?”

“आज न थांबलेलेच बरे, ताई.”

अण्णा दुसऱ्या म्हशीवर आले तेव्हा धुरळा उडवत जीप आली. पहिला डोस त्या तान्हीला, अण्णांच्या हातून. मग आमच्या सिस्टर थेट ट्रकवर चढल्या. एकही पोर डोसाविना गेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी चक्क अण्णांच्या पाया पडलो.

पुढच्या मायक्रोप्लॅनमध्ये साधनसामग्रीखाली मी लिहिलं: आईसपॅक, जीप, अण्णा. साहेबांनी काही खोडलं नाही.

“अण्णांचा खर्च?” एवढंच विचारलं.

“एक शाल, एक नारळ.”

“आणि भाषणाला वेळ किती धरलाय?”

“बर्फ येईपर्यंत.”