राजासाठी पदर

दर्यापूरहून अकोल्याला येणाऱ्या जीपमध्ये ती एकदाच माझ्या शेजारी बसली होती. साठीची असेल. मांडीवरच्या पिशवीला मोबाइल टेकवून दोन-दोन मिनिटांच्या भागांची मालिका बघत होती. मला असल्या मालिका आवडत नाहीत, पण मान वाकडी करून मीही बघत होते. ऑफिसातली एक पोरगी टेबलावर झोपायची आणि स्वप्नात राजवाड्यात पोचायची. दिवसा फायलींवरून खेकसणारा साहेबच तिथे राजा असायचा आणि तिच्या मागे मागे फिरायचा.

राजा दिसला की ही बाई डोक्यावर पदर घ्यायची. पोरगी जागी झाली, साहेब शर्टात आला, की पदर खाली. चेहऱ्यावर हसू अजिबात नाही.

शेवटी मी विचारलं, "मावशी, माणूस तर तोच आहे ना?"

"तोच हाये. पन रोजच्या मानसासमोर कोन पदर घेते, बाई?"

राजा मनातलं सांगणार, तेवढ्यात तिचा फाटा आला. तिनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. फाट्यावर तिचा नवरा सायकल धरून उभा होता. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"काहून एवढा उशीर वं?" तो खेकसला.

उतरता उतरता तिनं पदर डोक्यावर घेतला.