तिथीची पाऊणपट

आमच्या एडवणकडच्या गावांत पाढ्यांच्या आधी भरतीचा आडाखा शिकवत. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, बाराची ओहोटी. आईला अक्षर येत नव्हतं, पण हे गणित ती बोटांच्या पेरांवर करायची. आठवड्यातून एकदा ओहोटी साधून, डोक्यावर केळ्यांची टोपली घेऊन, खाडी पायी ओलांडायची आणि पलीकडच्या गावात धाकट्या बहिणीकडे जायची.

तारापूरला अणुभट्टीचं काम सुरू झालं त्या सुमाराची गोष्ट. मी पालघरला शाळेत शिकवत होते. गावाहून निरोप आला की परतताना आई भर खाडीत सापडली. पाणी छातीला लागलं होतं, एका कोळ्याने होडीत ओढून घेतलं म्हणून वाचली. द्वादशी असताना तिने चतुर्दशी धरली होती. दोन तिथ्या, म्हणजे दीड तासाचा फरक. आई आणि तिथी चुकणार? मला पटेना. गावी गेल्यावर कळलं, तिला चंद्रच दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि कुणाला तिथी विचारणं तिला कमीपणाचं.

शाळेतल्या पोरांना रागवावं तशी मी तिच्यावर रागावले. डोळ्यांचं ऑपरेशन कर म्हटलं, नाहीतर माझ्याकडे राहायला ये म्हटलं. दोन्हीला नाही. शेवटी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, एकटीने खाडीत उतरायचं नाही. रविवारी मी येईन, हात धरून नेईन.

ती म्हणाली, "तुझा हात धरून गेले तर धाकटी म्हणेल, ताई म्हातारी झाली."

शपथ तिने पाळली. मी रविवारी जायचे, पण ओहोटी काही रविवार बघून येत नाही. कधी वेळ जमलीच तर आई म्हणायची, "आज नाय. आज पाणी हाय." समोर खाडी उघडी पडलेली असायची. डोळे गेले तरी चिखलाचा वास तिला येत नव्हता असं थोडंच आहे? खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं, की चला, घरात बसली आहे. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना मावशीचं काही खरं नाही असा निरोप आला. आईने पदर खोचला आणि आपणहून हात पुढे केला. "चल, धर. खाडीतून जाऊ."

मी म्हटलं, नको, पाय घसरेल, एसटीने जाऊ. ती वाद न घालता माझ्यामागून आली. एसटीचा केवढा वळसा, त्यात गाडी उशिरा.

आम्ही पोचलो तेव्हा मावशीला जाऊन तास झाला होता. आई तिच्या उशाशी बसली. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, आज तिथी कोणती. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी सांगितली. अंगठा पेरांवरून फिरला आणि थांबला.

"पाणी नव्हतं गं," ती म्हणाली.