“बरी हाय, साहेब”

“चालून दाखवा,” दिव्यांग बोर्डाचे डॉक्टर म्हणाले.

सिंधूताई खाडकन उठल्या. डोक्यावर पदर, पाठ ताठ. दारापासून टेबलापर्यंत अशा चालल्या, जणू लग्नात अक्षता टाकायला निघाल्यात.

“त्रास काय होतो?”

“बरी हाय, साहेब.”



मी तेलगावकडचा फिजिओथेरपिस्ट. सिंधूताई माझ्या पेशंट, आजार एमएस, मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणजे शरीरच आपल्या नसांवरचं आवरण खातं, उंदरानं वायरीचं प्लास्टिक कुरतडावं तसं. मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत न्हाई. सकाळी चालता येतं, ऊन चढलं की पाय ऐकत न्हाईत.

इंजेक्शनसाठी दर महिन्याला शहरात जावं लागतं. नवरा ऊसतोडीला गेलेला, सोबतीला माणूस लागतो. दिव्यांग सर्टिफिकेट मिळालं तर दोघांना एसटीत सवलत. भाड्यापायी दोन इंजेक्शनं आधीच चुकलेली. दुसरं चुकलं तेव्हा डावा डोळा आठ दिवस धूसर.

“बाई तर ठणठणीत हाय,” डॉक्टर म्हणाले.

“सर, दुपारी बघा. या आजारात ऊन…”

“पुस्तक मीबी वाचलंय. पण समोर दिसतं तेच लिहितो. दोनला उठतो मी.”

बाहेर व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालायला लागलो. दहा पन्नास. दहा बावन्न. शेवटी ताईंपुढं थांबलो. गॅदरिंगचा जुना नकलाकार मी. डोक्यावर रुमाल घेतला, ताठ चाललो, नजर खाली घातली. “बरी हाय, साहेब!”

ताई खळखळून हसल्या.

“मंग काय रडून दाखवू? मोठ्या माणसापुढं वाकडं उभं ऱ्हायचं न्हाई, बापानं शिकवलंय.”

“रडू नका. घरी चालता तसं चाला.”

“घरी भिताड धरून चालते. आत भिताड कुठंय टेबलापर्यंत?”

साडेबाराला त्या उठल्या आन् पटांगणात निघाल्या.

“ताई, उन्हात जाऊ नका म्हणून दोन वर्षं बोंबलतोय मी!”

“आज बोंबलू नका.”

लिंबाच्या झाडापर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. मी पाण्याची बाटली घेऊन मागं. आपण पेशंट बरा करतोय का बिघडवतोय, हेच कळंना. तिसऱ्या फेरीला डावा पाय फरफटायला लागला.

एक चाळीसला आत गेलो.

“पुन्हा तुमी?”

“साहेब, एकडाव बघा,” ताईच म्हणाल्या.

चार पावलं. पाचव्याला टेबलाची कड धरली, पेनस्टँड आडवा. पडता पडता बाईंनी पदर मात्र नीट केला. डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.

“कशी हायेस?”

ताईंनी तोंड उघडलं. मी डॉक्टरांच्या पाठीमागं पाठ ताठ केली, नजर खाली घातली. ताईंना हसू फुटलं.

“न्हाई बरी, साहेब. घरी भिताड धरून चालते. मोरीपर्यंत जाताना पडते. डोळ्यानं धुरकट दिसतं.”

साहेब लिहीत गेले. लई वेळ लिहीत होते. मी ताईंच्या मानेवर ओला रुमाल ठेवला. अंग थंड झालं की पाय परत चालतात, पण त्यांना तासभर लागला.

सर्टिफिकेट आलं. पुढच्या महिन्याचं इंजेक्शन चुकलं न्हाई, चुलत जाऊ सोबत गेलती.

आता मी कुठल्याच पेशंटला “कसं हाय?” विचारत न्हाई. विचारतो, “काल मोरीपर्यंत कुणी नेलं?” आमच्याकडं “बरी हाय” ही तब्येत नसती. तो नमस्कार असतो.