आत्याच्या खोलीचा स्लॅब

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या साइटवरचं कुणीही सांगेल. तीस वर्षं मुकादमकी केली म्हणजे तीस वर्षं ओरडलो. गवंड्यावर ओरडलो, स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकणाऱ्या सेंटरिंगवाल्यावर ओरडलो, एकदा तर मालकाच्या मेव्हण्याला ओळखलं नाही म्हणून त्याच्यावरही ओरडलो. एका बाईवर मात्र माझा आवाज कधी चढला नाही. ती आमची आत्या. खरं तर ती कुणाचीच आत्या नव्हती, पण हेल्परपासून इंजिनियरपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे.

तिचं काम पाणी मारायचं. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाइप घेऊन वर जायची, मातीचे बारके बांध घालून स्लॅबभर वाफे करायची आणि ते काठोकाठ भरून ठेवायची. कॉलमना गोणपाट गुंडाळून ते दिवसातून तीनदा भिजवायची. हे असं तीन आठवडे. मधूनच चप्पल काढून अनवाणी पाय टेकवायची आणि मला सांगायची, "याला तहान लागलीय मुकादम, टँकर बोलवा." टँकर उशिरा आला तर दिवसभर माझ्याशी अबोला. सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, हे कागदावर शिकून आलेल्या पोरांना तिनं पायानं शिकवलं.

आम्ही आलो तेव्हा इथं नुसती मोकळी जमीन होती. मग चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, रस्ते आले, आणि बघता बघता सोळा-सोळा मजले उभे राहिले. कोपऱ्यावर मोठा फलक लागला: हिरवळ, पोहायचा तलाव, दात दाखवणारं कुटुंब. त्या फलकाच्या मागेच पत्र्याच्या खोलीत आत्या, तिचा मुलगा आणि सून राहत होते. शेकडो स्लॅबना पाणी पाजलेली बाई, आणि उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर तापलेला पत्रा. मला याचा राग यायचा. पण माझ्या रागाला विचारतो कोण?

शेवटी वस्तीच्या टोकाला तिनं जागेचा एक चिंचोळा तुकडा घेतलाच. भिंती चढायला दोन वर्षं लागली. मग स्लॅबचा दिवस आला. आमच्यात एक रीत आहे, आपल्यातल्या कुणाची स्वतःची खोली असेल तर स्लॅबला सगळ्यांनी सुट्टीच्या दिवशी फुकट राबायचं. मालकानं मिक्सर दिला. मुकादम अर्थातच मी.

ऊन मी म्हणत होतं. येतो म्हणालेल्यांतले निम्मे आलेच नाहीत. सिमेंट-वाळू-खडीचा कालवलेला माल घट्ट होता, जसा हवा तसाच, पण घट्ट माल उचलताना आणि ठासताना जीव निघतो. दुपारपर्यंत माणसांचे हात गळाले. तेव्हा मी मिक्सरपाशी गेलो आणि म्हणालो, "घाल अजून एक बादली." पाणी पडलं, माल सैल झाला, भराभर पसरायला लागला. पुढच्या खेपेला पुन्हा एक. मग मी मोजणंच सोडून दिलं. तीन वाजता काम आटोपलं आणि मी स्वतःवरच खूश झालो.

मालात जादा पाणी गेलं की स्लॅब कच्चा राहतो. पाणी पाजायचं ते नंतर, वरून. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठ आहे. साइटवर दुसऱ्या कुणी हा उद्योग केला असता तर मी त्याला उभा सोलला असता.

त्याच आठवड्यात साइटवर सातव्या मजल्याचा स्लॅब होता, त्यामुळे आत्याला रजा मिळेना. रजा नाकारणाराही मीच. तिच्या खोलीवर पाणी मारायचं काम सुनेकडं आलं. सून अंगानं काडी, पण जिद्दीची. गल्लीच्या तोंडाच्या नळावरून हंडे भरायची, शिडीवरून वर न्यायची. प्रत्येक वेळी पाणी घातलं की भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची.

बाविसाव्या दिवशी टेकू काढले आणि स्लॅब मधोमध खाली आला. पडला नाही, पण पोट सुटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बोट जाईल एवढी भेग. आमचा तरणा इंजिनियर आला, त्यानं हातोडीनं ठोकून बघितलं. नुसती वाळू गळली. टेकू परत लावायला सांगून तो म्हणाला, "तोडावा लागेल आत्या. वरून पाणी कमी पडलं असणार."

झालं. मुलगा बायकोकडं वळला. "एवढं एक काम सांगितलं होतं तुला."

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. कोळशाच्या रेघा, तीन-तीनच्या रांगा, एकवीस दिवसांच्या.

"रेघा काय, बसल्या जागी ओढता येतात," तो म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. अख्ख्या साइटवर ओरडणारा मी, खाली वाकून टेकू उचलायला लागलो. आत्याही गप्प. मला वाटलं, धक्क्यानं गप्प आहे.

नंतर कळलं की घरात कुणी कुणाशी बोलत नाही, आणि सून बाळंतपणाचं निमित्त काढून माहेरी निघालीय, ती परत येईल याचा नेम नाही. मुलगा म्हणे तिनं रांधलेलं खातही नव्हता. आत्या कामावर यायची, वाफे भरायची, मान वर करायची नाही. मी आठ दिवस काढले. साध्या गवंड्यासमोर चूक कबूल करायची तरी मुकादमाचं नाक जातं, आणि हे तर सगळ्यांसमोर कबूल करायचं होतं.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी उभा राहिलो. सगळे डबे उघडून बसले होते. म्हणालो, "आत्या, तुमच्या सुनेचा काही दोष नाही. माल मी पातळ केला. मी पाणी घातलं."

आत्यानं डब्याचं झाकण लावलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी मिक्सरच्या बाजूलाच होते की."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे माझ्यासाठी उन्हात फुकट मरत होते, मुकादम. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की घट्टच उचला? आणि तुम्हाला कोण सांगणार?" तिनं डबा बाजूला सारला. "तेव्हा बोलले नाही. मग पोरीवर आलं, तेव्हा तरी बोलायचं होतं. वाटलं, उपकार केलेल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं. तुमचं नाव राखलं आणि त्या पोरीला बोल खाऊ दिले. एकवीस दिवस हंडे वाहिले हो तिनं, पोटात पोर घेऊन."

मी पाप केलं होतं एकट्यानं, पण त्याचं ओझं तिनंही नेलं होतं. मला ते बघवेना. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या खोलीवर गेलो. दारात बांधलेलं गाठोडं होतं. आत्या सुनेसमोर खाली बसली आणि जे होतं ते सगळं सांगितलं, माझं आणि स्वतःचंही. मुलगा भिंतीवरच्या रेघांकडं बघत राहिला. सून रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, एकदा तरी माझ्या बाजूनं बोलायचं होतं." मग दारातलं गाठोडं तिनंच उचलून आत ठेवलं.

स्लॅब आम्ही दोन सुट्ट्यांत तोडला, छिन्नी मी धरली. नवा टाकायचा ठरला तेव्हा सेंटरिंगवाले, गवंडी सगळे आले, या वेळी एकही कमी नाही. त्या दिवशी सून मिक्सरपाशी स्टुलावर बसली. जवळ पाण्याच्या बादल्या आणि हातात कोळसा. दर खेपेला ती मोजून पाणी देई आणि भिंतीवर एक रेघ ओढे. आत्यानं तिला तिथं बसवलं होतं आणि सगळ्यांना बजावलं होतं, की पाणी तिला विचारून.

दुपारी ऊन चढलं. हात गळाले. मी सवयीनं मिक्सरपाशी गेलो आणि बादलीला हात घातला.

"मामा," सून म्हणाली, "ठेवा खाली."

मी ती खाली ठेवली.