सिराज मिस्त्रीची शिट्टीवाली गाडी

तीर्थपुरीच्या सिराजोद्दीन मिस्त्रीसारखे कान मी दुसऱ्या माणसाला पाहिले नाहीत. गाडी लांब वळणावर असतानाच तो सांगे, आतलं काय सैल झालंय. ही विद्या त्याला रखमाजी उस्तादांनी दिली. १९८२ पासून तो त्यांच्या हाताखाली होता, आणि त्यांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला आसुसलेला होता. रखमाजी शिव्या सढळ हाताने देत. कौतुक मात्र गाठीला बांधून ठेवत.

१९९९ च्या उन्हाळ्यात काही हौशी लोकांनी एका आटलेल्या तलावात सहा तासांची मोटारशर्यत ठरवली. जास्त फेऱ्या मारील ती गाडी पहिली. सिराजने एक जुनी डिझेल ॲम्बॅसडर घेतली आणि जालन्याच्या भंगारातून चेपलेल्या जीपचा टर्बो आणला. इंजिनाच्या धुरावर फिरणारा तो छोटा पंखा. तो शिट्टी मारत आत जास्त हवा कोंबतो आणि गाडीला बळ येतं. चार महिने सिराज डिझेलपंपाचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत, सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरून बसला. रुमाल काळा झाला की डिझेल जास्त. त्याची बायको कमरुन्निसा म्हणायची, "घरात एक रुमाल धड ठेवला न्हाई ह्या माणसानं."

गाडी चालवायची मी. त्याने मला एकच गोष्ट पढवली होती. "कडूबा, थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नको. तीन मिनिटं हळू चालू दे. टर्बो लाल झालेला असतो. तेल थांबलं की आतला दांडा जळतो."

पाचव्या तासाला आम्ही दोन फेऱ्या पुढे होतो. डिझेल भरायला मी गाडी बाहेर घेतली. इंजिन चालूच होतं. तेवढ्यात काठी टेकत रखमाजी आले. चार महिन्यांत ते एकदाही गाडी बघायला फिरकले नव्हते.

"काय रे सिराज, भंगारातली शिट्टी अजून वाजून राह्यली?"

"दुवा द्या, उस्ताद."

"मंग बंद कर की तिला. ह्या कलकलाटात दुवा देऊ का?"

त्यांच्या गॅरेजची रीतच ती. उस्ताद शिष्याचं काम बघायला आले की इंजिन बंद, मगच ते बॉनेटवर हात ठेवणार. सिराजने माझ्याकडे पाहिलं. उस्तादांना 'थांबा' म्हणणं त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. मी काही त्यांचा शिष्य नव्हतो. मला म्हणता आलं असतं. किल्ली माझ्या हाताशी होती, आणि मी ती फिरवली.

रखमाजींनी बॉनेटवर तळवा ठेवला, चटका बसला तसा उचलला आणि हसले. "चांगली केली रे."

सतरा वर्षांनी.

त्यानंतर चौथ्या फेरीला शिट्टीची किंकाळी झाली, निळा धूर आला आणि गाडी तलावाच्या मधोमध उभी राहिली. चाळीस मिनिटं उरली होती.

रखमाजींनी मला बाजूला घेतलं. "खरं सांग, मी बंद करायला लावली म्हणून तर झालं न्हाई ना?"

त्यांच्या पाठीमागे उभा सिराज मान हलवत होता. सांगू नको.

"न्हाई, उस्ताद."

"मंग भंगार ते भंगारच," ते म्हणाले, आणि बाजारभर तेच सांगत फिरले. पुढच्या वर्षी वारले. सिराजने पुन्हा टर्बोला हात लावला नाही. आता तो विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरतो.

रखमाजी जिभेने तिखट होते, पण यंत्राचे वैरी नव्हते. कारण सांगितलं असतं, तर काठीवर हनुवटी टेकून ते तीन मिनिटं थांबले असते.